खड्ड्यातली वेल आणि मांडवावरची

ला हेरिया, लान्सारोते
२८ जुलै १९८७

चि. मार्सियालला अनेक आशीर्वाद.

तोडणी आटोपली. यंदा पाऊस नावालाही झाला नाही, तरी मालव्हासियाची वेल द्राक्षांनी गच्च भरली. आपली ज्वालामुखीची काळी राख रात्रीचं दव पिऊन मुळाशी कशी धरून ठेवते, याचं इतकी वर्षं बघूनही मला नवल वाटतं. वारा घोंघावत बांधाच्या दगडांवरून निघून जातो आणि खाली खड्ड्यात वेल निवांत पसरलेली. घरात मात्र कुणी निवांत नाही.

बाबांचं सांगते. गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी खड्ड्यात उतरायला बंदी केली होती, तरी पहिल्याच दिवशी माझी पाठ वळताच उतरले. घड झकास तोडले, पण वर येता येईना. मी आणि शेजारच्या सिरिलोने काखेत हात घालून ओढून काढलं. सिरिलो आपला भाबडा, म्हणाला की काका, तुमच्यापेक्षा आमचा बोकड हलका. बाबा हसले नाहीत. तेव्हापासून मळ्याकडे पाठ करून खुर्चीत बसतात. ज्या माणसाने एकूण एक खड्डा स्वतःच्या हाताने उपसला, तो ऐन तोडणीत भिंत बघत बसतो. मला बघवत नाही रे.

तू पाठवलेली बाटली अजून बंदच आहे. पावसाच्या मुलखातली वाइन म्हणजे देवानेच पाणी घातलेली, असं बाबा म्हणतात. तू घर सोडून सासुरवाडीला राहिलास, त्याचा राग बिचाऱ्या बाटलीवर निघतोय. आता तूच काहीतरी लिही.

तुझ्या बायकोला, साबेलाला, आशीर्वाद. पत्राची वाट बघते.

तुझी ताई,
निएवेस


मेआन्यो, गालिसिया
९ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि जेवण तसंच ठेवून लिहायला बसलो. हे बाबांना वाचून दाखव, निदान मला हसतील तरी.

मी इथे आलो त्या वर्षी सासऱ्यांनी, म्हणजे शेन्शोंनी, मला मळ्याचा एक कोपरा दिला. मी ऐटीत, बाबांनी शिकवलं तसा, पुरुषभर खड्डा खणला, वाऱ्याच्या बाजूला बांध घातला आणि वेल लावली. अख्खं गाव कुंपणाशी उभं राहून बघत होतं, पण एकानेही अडवलं नाही. मग महिनाभर पाऊस कोसळला. वेल बुडाली आणि खड्ड्यात बेडूक नांदू लागले. शेन्शो अजून येणाऱ्याजाणाऱ्याला तो दाखवतात आणि सांगतात की ही आमच्या जावयाची विहीर.

इथे ओल हीच वैरी. म्हणून दगडी खांब रोवून वेल डोक्याच्या वर मांडवावर चढवतात. खालून समुद्राचा वारा खेळतो, पानं सुकतात, बुरशी धरत नाही. द्राक्ष इतकं सावकाश पिकतं की त्याचा आंबटपणा शेवटपर्यंत टवटवीत राहतो. वाइनला खारट झाक येते, ती मला फार आवडते.

इथली तोडणी सप्टेंबरात असते. बाबांना पाठव. नाही म्हणाले तर सांग, बेडूक अजून आहेत.

तुझा,
मार्सियाल


ला हेरिया
२३ ऑगस्ट

चि. मार्सियालला अनेक आशीर्वाद.

विहिरीचं वाचताना बाबा इतके हसले की ठसका लागला. म्हणाले, खड्डा वाऱ्यासाठी असतो, पावसासाठी नव्हे, एवढंही त्या गाढवाला कळू नये? मग जेवताना एकदम विचारलं, मांडव केवढा उंच? मी म्हटलं, हात वर केला की पोचेल एवढा. पुन्हा विचारलं, म्हणजे वाकावं लागत नाही? मी नाही म्हटलं आणि घाईघाईने ताटल्या उचलल्या, कारण मला रडू फुटत होतं.

तर येतायत. फक्त बेडूक बघायला, असं सिरिलोला बजावून झालंय. बरोबर बकरीचं चीज आणि भाजल्या पिठाची पिशवी आहे. तुमच्याकडे खायला काही नसणार अशी त्यांची खात्री आहे. त्यांना सांभाळ आणि स्वतःही जरा सांभाळून बोल.

तुझी ताई,
निएवेस


मेआन्यो
१९ सप्टेंबर

चि. निएवेसला आशीर्वाद.

बेडूक बघितले. बरेच आहेत.

शेन्शो माणूस चांगला आहे. अर्धं बोलणं त्याच्या भाषेत करतो, ते मी सोडून देतो, त्यामुळे आमचं छान जमतं. पहिल्या दिवशी मांडवाखाली उभा राहिलो, हात वर केले आणि घड हातात आला. आयुष्यभर द्राक्षांपुढे गुडघे टेकले, पोरी. ती उभ्यानेही तोडता येतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. रस कोपरापर्यंत ओघळतो, मान दुखते, एक दिवसाआड भिजतो. गुडघ्यांची आठवणही होत नाही.

मार्सियाल शेजारच्या ओळीत होता. माझे डोळे भरलेले त्याने पाहिले. मी म्हणालो, पाऊस आहे. त्या दिवशी नेमका पाऊस नव्हता. त्याने नुसती टोपली माझ्या जवळ सरकवली.

ती बाटली उघड आणि सिरिलोलाही दे. पाणी म्हणालो होतो ते मागे घेतो, पण हे मार्सियालला कळवू नकोस, मी सवडीने सांगेन.

पुढच्या जुलैत मी खड्ड्यात उतरणार नाही. माझी खुर्ची भिंतीजवळून उचल आणि पहिल्या खड्ड्याच्या काठावर ठेव. तू खालून घड दे, मी टोपलीत लावीन.

लोभ आहेच, तो दाखवायला मला उशीर होतो एवढंच.

तुझे बाबा