अंदमानले चाललं माझं स्वेटर

सोमवार, सांजवेळ. दिघोरी.

नाही, मले नाही जावाचं अंदमानले. कायले जाऊ? पाणी पायलं नाही का म्या? गावात तलाव आहे ना.

धाकटी जाऊ लता चालली. तिच्या पोरानं सगळं ठरवलं. पावसाळ्यात तिकडं बोटी बंद रायतात म्हणे, म्हणून जानेवारी. इकडं धानही घरी आला रायते. बरोब्बर जमवलं! मोठ्या आईले नेऊ का, एवढं नाही सुचलं त्याले.

आज लता आली. मले वाटलं, आता विचारते. तर म्हणते, "बाई, तुमचं लाल स्वेटर द्या ना. जानेवारीची थंडी, त्यात समुद्राचं वारं. अन् माह्या बकऱ्यांकडे पाहजा."

"ने," म्हटलं. "मफलर पण ने."

"किती काळजी करता वो बाई!"

तिकडं पौषातही घाम निघते, मले माहीत आहे. टीव्हीत लोकं उघड्या अंगानं हिंडून राहिले होते. सांगणारच होती मी. पण मले कोणी विचारलं?

माझं स्वेटर समुद्र पाहून येईल, अन् मी बकऱ्या पाहीन.

बस. आता याच्यावर मी एक शब्द लिहत नाही.