मुद्देमालातला चषक

सर, गेल्या आठवड्यातल्या बैठकीला तुम्ही असता तर पायातली चप्पल काढली असतीत. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, आणि तुम्ही काढलेल्या कबड्डी मंडळाची कार्यकारिणी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये पंख्याखाली बसून पोलीस ठाण्याला अर्ज लिहीत होती. विषय काय, तर आमचा फिरता चषक परत मिळावा. उत्कृष्ट चढाईपटूचा तो पितळी चषक, खाली काळ्या दगडाची बैठक असलेला, तुम्ही नगरहून एसटीत मांडीवर ठेवून आणला होता. तो आता पोलिसांकडे मुद्देमालात जमा आहे, कारण आमच्या सगळ्यात भारी चढाईपटूनं तो आपल्या बायकोच्या तोंडावर घातला. एकदा नाही, तीनदा, असं फिर्यादीत आहे. तिचा जबडा दोन ठिकाणी मोडला. त्याच्यावर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल आहे. आणि आमच्या अध्यक्षांना काळजी कसली, तर यंदाच्या बक्षीस समारंभाला टेबलावर काय ठेवायचं.

"धुऊन-पुसून दिला तरी चालंल म्हनावं," एक सभासद म्हणाला. खोटं वाटेल तुम्हाला, पण मी माझ्या कानांनी ऐकलं. बाकीच्यांनी माना हलवल्या आणि चहा मागवला. पुरावा म्हणून जमा झालेली वस्तू खटला संपेपर्यंत सुटत नाही, एवढीही अक्कल त्या दहा डोक्यांत मिळून नव्हती. अर्ज मंडळाच्या लेटरहेडवर लिहिला, वर कोपऱ्यात तुमचा फोटो छापलेल्या लेटरहेडवर.

त्या पोरीला तुम्ही पाहिलेलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा ती अंगणवाडीत असेल. तुमच्यानंतर मी मुलींचा संघ सुरू केला, गावानं नाकं मुरडली तरी केला, आणि ती त्या संघाची कर्णधार झाली. डाव्या कोपऱ्यातून घोटा असा धरायची की समोरची जागेवर बसलीच. राहात्याला एकदा पंच मला म्हणाले, ही पोरगी जन्माला येतानाच दायीचा घोटा धरून आली काय हो? लई हसलो होतो तेव्हा. त्या दोघांचं लग्न जमलं तेव्हा मध्ये मीच होतो. दोन्ही माझीच पोरं, दोन्ही मंडळाचीच, असं चार ठिकाणी मिरवून सांगत होतो. आता ते आठवलं की माझंच थोबाड मला पाहवत नाही.

दोन महिन्यांनी त्याला जामीन मिळाला. कोर्टानं जामीन दिला, तो त्याचा हक्क आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण आपल्या मंडळानं काय करावं? वेशीवर फ्लेक्स लावला. 'वाघ परत आला.' खाली हात जोडलेले अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, सगळ्यांचे गॉगल घातलेले फोटो. डीजे लावून त्याला मैदानापर्यंत नेला, हार घातला, पेढा भरवला. जेलमधून आलाय का दिल्लीहून मेडल घेऊन आलाय, हे परक्या माणसाला कळलं नसतं. त्या आठवड्यात माझ्या मुलींच्या सरावाला चौदापैकी तीन मुली आल्या. आयाबापांनी काही कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. विचारायला तोंड कुठं होतं?

मग तिचे वडील आले. शेतकरी माणूस, घासाचा भारा सायकलवर तसाच ठेवून दारात उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात. म्हणाले, "भाऊ, त्याला फासावर द्या आसं मी म्हनत न्हाई. ते कोर्ट बघंल. केस चालू हाय तवर त्याला मैदानात घिऊ नका, येवढंच. धाकटी बी तिथंच खेळती." आणि जायला वळता-वळता म्हणाले, "थोरलीनं इचारलंय, मंडळ माझं बी हाय ना?" मी म्हणालो, तुमचं आहे, मी बैठकीत मांडतो. त्या भरवशावर ते सायकल ढकलत गेले.

मांडलं मी. पोलीस ठाण्याचा अर्ज लिहून झाल्यावर मांडलं. अध्यक्ष दूध संकलन केंद्र चालवतात, बोलणं तुपातलं. म्हणाले, "सचिव, कोर्टानं त्याला दोषी ठरीवलंय का? मग आपन कोन ठरीवनार?" मी म्हणालो, बरोबर, आपण ठरवायचं नाही. मग हार घालून, पेढा भरवून तो निर्दोष आहे हे कोणी ठरवलं? त्याचा निकाल लागायच्या आत तुम्ही डीजे लावून निकाल जाहीर केलात की! तर म्हणे, नवरा-बायकोचं भांडण हाय, त्यात मंडळानं कशाला पडायचं. भांडण? तीन टाके पडले तर भांडण म्हणू, तोंडात लोखंडी पट्ट्या बसल्यावरसुद्धा भांडणच? वा रे वा शहाणे! उपाध्यक्षांनी तर कहर केला. म्हणाले, त्याला बसवला तर सोनईचा संघ आपल्याला धुऊन काढील. हां, हे मात्र खरं बोलले. कायदा, तत्त्व, माणुसकी, सगळं त्या एका वाक्याच्या पायाशी लोळण घेत होतं.

मी त्यांना तुमचा फक्कीचा नियम सांगितला. त्यातल्या निम्म्यांना तो माहीत होता, आणि माहीत असलेलेच जास्त हसले. तुमच्या वेळी कुठल्याही खेळाडूवर तक्रार आली, घरून येवो, शाळेतून येवो, चौकीतून येवो, की तिचा छडा लागेपर्यंत तो खेळायचा नाही. पण त्याला हाकलायचंही नाही. त्यानं रोज यायचं, पांढऱ्या फक्कीनं मैदानाच्या रेघा मारायच्या, पाणी शिंपडायचं, आणि रेघेबाहेर बसून बघायचं. कुणी त्याला गुन्हेगार म्हटलं तर तुम्ही म्हणणाऱ्याला मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावायचात.

मला बसवलं होतं तुम्ही. मी अकरावीत. स्टँडवरच्या मारामारीत एका पोराचं नाक फुटलं आणि माझं नाव लागलं. मी तुमच्या पाया पडून सांगतोय, सर, मी तिथं नव्हतो हो. तुम्ही माझ्या हातात फक्कीची पाटी देता. "आरोप हाय म्हंजे तू गुन्हेगार न्हाईस. पन मैदान काय तुझ्या बापाचं न्हाई. मार रेघा." सबंध हंगाम मी रेघा मारतो. अंतिम सामन्याच्या मैदानावरची मधली रेघ माझ्या हातची आहे आणि मी तिच्या बाहेर बसून रडतोय. दोन महिन्यांनी खरा पोरगा सापडला. तेव्हा तुम्ही घरी आलात, आईच्या हातचा चहा घेतलात, चुलीपुढं पाटावर बसून. नवे कोरे नी-कॅप माझ्यासमोर ठेवलेत आणि म्हणालात, तू नव्हतास हे मला पहिल्या दिवशीच वाटत होतं. मी संतापून विचारलं, मग बसवलंत कशाला? तुम्ही म्हणालात, "मला वाटतं म्हनून तुला खेळवला, तर उद्या मला वाटतं म्हनून मी कुनालाबी खेळवीन." तेव्हा मला तुमचा राग आला होता. कितीतरी वर्षं होता. माझा तो हंगाम कुणी परत दिला नाही, नी-कॅपनं तो भरून आला नाही, आणि तरीही मी सांगतो की तुम्ही बरोबर होता.

हे सगळं मी बैठकीत बोललो. आवाज चढला माझा. अध्यक्ष म्हणाले, "सरांचा काळ येगळा हुता." एवढं बोलून विषय संपला. खेळाडूंच्या यादीवर मी सही केली नाही. त्यांनी माझा राजीनामा माझ्याच समोर टाईप करून घेतला, त्यावर मात्र केली, आणि यादीवर नव्या सचिवाची सही घेतली. तो अध्यक्षांचा भाचा, त्याला बोनस रेषा कुठली आणि मधली कुठली हे विचारून पाहा. मी उठून आलो तेव्हा छाती पुढं काढून आलो, सर. या नालायकांत मी एकटाच तुमचा चेला, असं वाटत होतं.

स्पर्धा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नगरला दवाखान्यात गेलो. तिच्या जबड्याचं दुसरं ऑपरेशन झालंय. दात तारेनं बांधलेत, नळीनं पेज पिते. जी पोरगी एका दमात सबंध मैदान दणाणून सोडायची, तिला 'पाणी' म्हणता येत नाही. ती मोबाईलवर लिहून दाखवते. मी बसतो न बसतो तोच तिनं लिहिलं, 'काल कोण जिंकलं?' मी म्हणालो, काय की बाई, मी गेलोच नाही तिकडं. तिनं माझ्याकडं पाहिलं, डोळ्यांनी जरा हसली, आणि लिहिलं, 'तुम्ही तरी.'

सर, मी गेलो होतो. पाण्याच्या टँकरमागं उभा राहून सबंध सामना पाहिला. शेवटच्या मिनिटाला आपण दोन गुणांनी मागं होतो आणि तो चढाईला आला. सोनईचे तिघं त्याच्यावर पडले, तिघांना ओढत त्यानं मधल्या रेघेला बोटं लावली. अशी चढाई मी तुमच्यानंतर पाहिलेली नाही. आणि माझ्या तोंडून 'शाब्बास रे पठ्ठ्या!' निघालं, चांगलं मोठ्यानं निघालं, आणि माझे दोन्ही हात टाळ्या वाजवत होते. बाजूच्या माणसानं वळून पाहिलं तेव्हा कुठं मला कळलं. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, हा कागद कुठल्या पेटीत टाकायचाच नाही. तिला अजून सांगितलेलं नाही.