सकाळी नऊपर्यंतची गल्ली

बाबा, तुमच्या गल्लीत आता विणकरांनी सकाळी नऊपर्यंत सुताचा ताणा पसरला तर तो कुणी उचलून नेणार नाही. तसा कायदा झाला आहे, आणि त्यातली ती ओळ मी घालून घेतली आहे. मी आमदार झाले हे तुम्ही पाहिलं नाही. एका परीनं बरंच झालं, कारण निवडून आल्यापासून मी जितकं बोलते तितकं तुमच्यासमोर बोलले असते, तर तुम्ही चपला घालून सरळ बाहेर पडला असता. पण हे ऐकायला थांबला असता असं वाटतं, म्हणून लिहिते आहे.

पाजणीचा, मागावर चढवायच्या सुताला खळ पाजायचा दिवस आठवतो. उजाडायच्या आत माय भातुकलीतल्यासारखी पेज नव्हे, चांगली पातेलंभर खळ शिजवायची आणि तुम्ही गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन-दोन बांबू फुलीसारखे बांधलेल्या कैच्या रोवून त्यांवर सूत ताणायचात. मग खळीत बुडवलेला कुंचा फिरवत सगळं घर त्या सुताबरोबर पुढे-मागे चालायचं. मी दहा वर्षांची आहे, टोकाला राखणीला उभी आहे, आणि कोट घातलेले एक गृहस्थ सायकल घेऊन येतात. मी दोन्ही हात पसरून ओरडते, "इकून जायचं नाही, पाजण चालू आहे!" तुम्ही कुंचा टाकून आलात ते थेट माझ्यावर. "काहून वं, त्याइले काहून अडवून राहिली? रस्ता तुह्या बापाचा नाही. तुहा बाप मीच आहो, मले माहीत आहे." आणि शेजाऱ्यांना हाक मारून तुम्ही त्या सगळ्या कैच्या एकदम वर उचलल्यात. तो माणूस ओल्या सुताखालून मान वाकवून गेला. मला इतका राग आला होता की मी त्या दिवशी तुमच्या ताटाला पाणी ठेवलं नाही. तुमच्या ते लक्षातही आलं नसेल.

पुढे गल्लीत डांबर आलं, स्कूटरी आल्या, आणि मी कॉलेजात असताना अतिक्रमण हटवणाऱ्यांचा तो ट्रक आला. रहदारीला अडथळा, एवढंच त्यांनी सांगितलं. ओलं सूत कडब्यासारखं गोळा करून मागे फेकलं. संध्याकाळी तुम्ही ते सोडवून आणलंत, तोवर खळ वाळून तार तारेला चिकटली होती. अंगणात बसून तुम्ही एक टोक ओढून पाहिलंत, दुसरं पाहिलंत आणि उठलात. महिन्याभरात खापरखेड्याच्या वीजघरात मजुरीला लागलात. "बरं झालं वं, पगार तरी येते," असं म्हणायचात आणि शर्टावरची राख दारात झटकायचात. माग घरातच होता. त्यावर माय धुतलेले कपडे वाळत घालायची, आणि तुम्ही तिकडे पाठ करून जेवायला बसायचात. ते मला तेव्हाही सहन होत नव्हतं आणि आजही होत नाही.

गेल्या हिवाळी अधिवेशनात शहरांतल्या रस्त्यांवरच्या अडथळ्यांचा दंड वाढवणारं विधेयक आलं. मी दुरुस्ती सुचवली. कोकणातले एक सदस्य उठून म्हणाले, हे काम लोक घरात का करत नाहीत? मी म्हटलं, ताणा घरापेक्षा लांब असतो. या सभागृहात करायचा तर अध्यक्षांच्या खुर्चीपासून बाहेरच्या पायऱ्यांपर्यंत जाईल, आणि मधूनच कुणी उठून गेलं तर तारा तुटतील. अध्यक्ष म्हणाले, "मग इथे जरूर करा, निदान सदस्य बसून तरी राहतील." सगळे हसले. मंत्री मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, आजारी माणूस आला, प्रेतयात्रा आली, तर काय करणार? मी बरीच तयारी केली होती, भाषण लिहून नेलं होतं, पण त्यात याचं उत्तर नव्हतं. ते तुमच्याकडे होतं. मी म्हटलं, "उचलून धरतात, साहेब. मी पाहिलं आहे." तेवढी अट लिहून घेऊन त्यांनी दुरुस्ती मान्य केली. मी दिवसभराची मुभा मागितली होती, मिळाली सकाळी नऊपर्यंत. पण पाजण तरी नऊनंतर कोण करतं? उन्हात सूत कडक होतं. मी खाली बसले तेव्हा पाय अगदी हलके झाले होते, कित्येक वर्षांत झाले नव्हते इतके.

आता एक सांगायचं राहिलं. निवडणुकीत मी आपल्या गल्लीत मतं मागायला दर वेळी संध्याकाळीच गेले. ट्रक आला त्या दिवसापासून तिथली सकाळ मला नको वाटायची. कायदा लागू झाल्यावर परवा पहिल्यांदा सकाळी गेले. शेजारची काकू, काका गेल्यावर एकटीनं माग चालवणारी, पाजण करत होती. ताणा पार मारुतीच्या पारापर्यंत गेला होता. मी बघत उभी होते, इतक्यात एक पोलीस सायकलवरून गल्लीत वळला. बाबा, तो कायदा मी केला होता, त्यातलं अक्षर न् अक्षर मला पाठ होतं, आणि तरीही मी पदर खोचून धावले आणि पहिली कैची उपटायला लागले. तो उचलून नेईल त्याआधी सूत वाचवायचं एवढंच डोक्यात होतं. पोलीस खाली उतरला, सायकल हातात धरून नालीच्या काठानं पलीकडे गेला. काकूनं माझ्या हातातली कैची काढून घेतली, परत रोवली आणि म्हणाली, "राहू दे वं पोरी. तुले माहीत नाही का, आता कायदा झाला."