पूजेला ठेवलेलं पुस्तक

ओट्टपालम,
तूळ महिना, ४ तारीख, दुपारी

प्रिय बीना,

भगवतीच्या कृपेने इकडे सगळं ठीक आहे. यांचा गुडघा पावसाने धरला होता, तो तेलाने आता मोकळा झाला. परसातली केळ घडाच्या भाराने वाकली होती, तिला काल टेकू दिला. तुझा खोकला कसा आहे? शाळेत उगीच घसा ताणू नकोस.

फोन सोडून ही थोरली बहीण, तुझी चेच्ची, पत्र का लिहितेय, असं तुला वाटेल. फोनवर माझी जीभ ऐनवेळी सोयीचं बोलते. कागदावर तसं झालं तर निदान खोडलेलं दिसेल.

गुरुवारी तू विचारलंस, "चेच्ची, अम्माला झालंय काय? तुझं नाव काढलं की उठून मागच्या दारी जाऊन बसते." मी म्हणाले, वय झालं, मनाला लावून घेत असेल काहीतरी. आणि लगेच तुला पावसाचं विचारलं.

आधी तुझ्या पुस्तकाचं सांगते. ग्रंथालयात नव्या बालपुस्तकांचा गठ्ठा आला तेव्हा मीच दोरी सोडली. दोरी कापत नाही मी, गाठ सोडून ठेवून देते, कधीतरी कामी येते. बारा पुस्तकं होती. मुंग्यांवर, विहिरीच्या पाण्यावर, पूल कसा उभा राहतो त्यावर, रक्त अंगात कुठून कुठे जातं त्यावर. तुला तर माहीतच, मुलांना आता राजाराणी नको असतात. मी पिशवी घेऊन घरोघर पुस्तकं द्यायला गेले की दारातच विचारतात, "ओमनाम्मे, खऱ्यातलं काही आणलंय का?" हल्ली त्यांच्याआधी मीच वाचून काढते. दहावी झाले तेव्हासुद्धा मला ठाऊक नव्हतं की मुंगीला दोन पोटं असतात.

तुझं पुस्तक गठ्ठ्यात सर्वांत खाली होतं. वर काजूचं झाड, त्याखाली तुझं नाव. इतका आनंद झाला की उभ्यानेच चाळायला लागले. मधल्या पानावर आले. अख्ख्या पानभर अम्माचे हात. डाग, भेगा, ते वाकडं झालेलं करंगळीचं टोक. आणि खाली छापलेलं, कोल्लमच्या भार्गवीअम्मा.

मी पुस्तक मिटलं. ग्रंथालय सांभाळणारे प्रभाकरन मास्तर समोरच बसले होते. म्हणाले, "लेखिका तुमच्या माहेरची दिसतेय. ओळखीची आहे का?"

मी म्हणाले, "कोल्लम केवढं मोठं आहे, मास्तर."

दुसऱ्या दिवशी दुर्गाष्टमी होती. मास्तर पूजेबिजेतले नव्हेत, नवमीला त्यांनी मुलांकडून नव्या पुस्तकांचं वाचन ठेवलं होतं. अष्टमीच्या संध्याकाळी पुस्तकं सरस्वतीपुढे ठेवली की दशमीच्या सकाळपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही, हा आपला लहानपणापासूनचा नेम. मी तुझं पुस्तक पिशवीतून घरी आणलं. आळीतली मुलं आमच्याकडेच दप्तरं पूजेला ठेवतात, त्या ढिगात ते खाली सरकवलं आणि वर रेशमी वस्त्र घातलं. ग्रंथालयाच्या वहीत त्याच्यापुढे लिहिलं, पानं सुटली आहेत, शिवायला दिलं. इतक्या वर्षांत त्या वहीत मी एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. मग समईत तेल घातलं आणि देवीला नमस्कारही केला. काय मागितलं असेल ते तूच ओळख.

नवमीला मास्तरांनी पुस्तकं मोजली. म्हणाले, "बारातलं एक तुमच्या सरस्वतीने उसनं नेलं की काय?" मुलं हसली. मीही हसले.

दशमीला सकाळी घर भरलं होतं. मुलं, त्यांच्या आया, देवकी वन्सं. गूळपोह्यांचा नैवेद्य झाला. दरवर्षीसारखा अम्माचा फोन आला. तू शाळेत लहान मुलांना अक्षरं गिरवून द्यायला गेली होतीस, शेजारच्या मुलीने तिला फोन लावून दिला होता. तुला माहीत आहे ना, दशमीचं पहिलं वाचन ती फोनवर ऐकते. तिला अक्षर येत नाही, पण म्हणते, माझ्या घरातलं वाचन माझ्या कानावर पडू दे. मी फोन समईशेजारी पाटावर ठेवला आणि मुलांना म्हणाले, घ्या आपापली पुस्तकं, पहिल्या चार ओळी मोठ्याने वाचा.

पलीकडच्या घरातली निरंजना, नऊ वर्षांची, भलती चौकस. दप्तर ओढता ओढता तिच्या हाती तुझं पुस्तक आलं. "अय्या, हे कोणाचं?" म्हणून तिने मधूनच उघडलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "भार्गवीअम्मांनी एकतीस वर्षं काजू फोडले. त्यांच्या बोटांवरचे डाग धुऊन जाणारे नाहीत. काजूच्या टरफलात एक तेल असतं, ते कातडी जाळतं. तुम्ही खाता तो पांढरा, अख्खा काजू अशा हातांतून आलेला असतो."

मुलं चित्र बघायला एकमेकांच्या अंगावर पडली. देवकी वन्सं म्हणाल्या, "भार्गवी? ओमने, तुझ्या आईचं नाव हेच ना गं? आणि गावही तेच."

मी म्हणाले, "तिकडे घरोघर भार्गवी असतात. माझ्या आईने काजूच्या कारखान्याचा उंबरासुद्धा पाहिलेला नाही."

सरस्वतीपुढे बसून म्हणाले. कुंकू अजून ओलं होतं.

तेव्हा पाटावरून आवाज आला. मोठा नव्हता. अम्मा त्या शेजारच्या मुलीला म्हणत होती, "पोरी, हे बंद कसं करतात गं? बंद कर."

वन्संनी विचारलं, "कोण गं फोनवर?"

फोन अजून चालूच होता. मी म्हणाले, "कोणी नाही."

बीना, हे लिहायला मी तीन वेळा उठले. एकदा दूध उतू जातंय म्हणून, एकदा कपडे काढायला, आणि एकदा कशालाच नाही.

आता आणखी एक, जे तुला कोणी सांगितलं नसेल, कारण तू तेव्हा सात वर्षांची होतीस. माझ्या लग्नात अम्मा पंगतीत वाढत का नव्हती, हे तू लहानपणी विचारायचीस. ती म्हणायची, माझी कंबर धरली होती. कंबर वगैरे काही धरली नव्हती. आदल्या दिवशी तिने लिंबू, राख, खोबरेल, सगळं लावून हात घासले होते, सालपटं निघेपर्यंत. मला दाखवले, "बघ, आता बरे दिसतात ना?" मी म्हणाले, "तू वाढायला येऊ नकोस. आणि हात पदराखाली ठेव." ती बरं म्हणाली. त्या हातांनी काजू फोडले म्हणून माझी दहावी झाली, आणि दहावी झाली म्हणून हे स्थळ आलं. हे मला तेव्हाही कळत होतं. अजाण होते असं म्हणायची सोय नाही.

दशमीच्या दुपारी हे जेवले नाहीत. मी म्हणाले, तुमच्या घराण्याचं नाव राखायला मी जन्मभर तोंड दाबलं. हे एवढंच म्हणाले, "तुला दाबायला कोणी सांगितलं होतं? मी तुमच्या घरी पहिल्यांदा आलो, तेव्हा चहाचा पेला तुझ्या आईनेच माझ्या हातात दिला होता."

त्यानंतर पाच दिवस मी रोज दिवा लावला, पण नाम काही तोंडात येईना. काल सकाळी ग्रंथालयात गेले. वहीतली ती नोंद मास्तरांसमोर खोडली आणि खरं काय ते लिहिलं. त्यांनी ते चष्म्यावरून वाचलं. म्हणाले, "पानं सुटली नव्हती तर!" मी म्हणाले, "नाही. मी सुटले होते." मग पुस्तक पिशवीत घालून थेट वन्संच्या दारात गेले. त्या नारळ किसत होत्या. पान उघडून पुढे धरलं आणि म्हणाले, "हे माझ्या आईचे हात आहेत. फोनवरही तीच होती."

वन्संनी किसणं थांबवलं नाही. म्हणाल्या, "मला लग्नातच कळलं होतं. त्या बाईने माझ्या केसांत गजरा माळला होता. काजूच्या तेलाचा वास काही जातो होय?"

"मग तुम्ही इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तू तोंड उघडशील म्हणून वाट बघितली. नाही उघडलंस. मग आम्ही एवढंच समजलो, ओमनाला आपल्या आईची लाज वाटते. कारखान्याचं आम्हाला काय गं? माझी सासू लोकांच्या शेतात भात मळायची." आणि खोबऱ्याची वाटी बाजूला ठेवून म्हणाल्या, "परवा मात्र तू देवीसमोर बोललीस. ते मला आवडलं नाही."

मला वाटत होतं, त्या चिडतील, नाक मुरडतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. जिच्यापासून लपवत होते तिला सगळं ठाऊक होतं, आणि जिला लपवत होते ती फोन कानाला लावून बसली होती.

पुस्तक आता निरंजनाच्या घरी आहे. तिने काल विचारलं, "ओमनाम्मे, तुझी आई इकडे येईल का? मला विचारायचंय, काजू फोडताना राख लावली की हात कमी जळतात का?" मी म्हणाले, मलाही माहीत नाही. खरंच माहीत नाही, बीना. मी कधी विचारलंच नाही. तू तिला किती काय विचारलंस, ते पुस्तकात आलंय, आणि मी ते पान अजून पुरं वाचलेलं नाही.

आता तुझ्याकडे एक मागणं. हे पत्र अम्माला वाचून दाखव. सगळं. माझी दया येऊन मधलं काही गाळू नकोस. पदराचं गाळू नकोस, "कोणी नाही" तर मुळीच गाळू नकोस. तिने ते एकदा माझ्या तोंडून ऐकलंय. ते मी कबूल केलं, हेही तिच्या कानावर पडू दे.

शनिवारी सकाळच्या गाडीने निघायचं माझ्या मनात आहे. ती "ये" म्हणाली तर फोन कर. काहीच बोलली नाही, तर करू नकोस. तिच्या वतीने तू "ये" म्हणू नकोस. मी इथे थांबेन, पुन्हा लिहीन.

चेच्ची म्हणून सही करायचा धीर होत नाही. नुसतं नावच लिहिते.

ओमना