तिसरीत बसून चौथी

बाई, माझा तुमच्यावर राग आहे, ते आधी सांगते. आपली शाळा एका खोलीची. डावीकडे तिसरी, उजवीकडे चौथी, मधे तुम्ही. चौथीला गणित घालायचात आणि उत्तर तिसरीतून मी द्यायची. मला गप्प बसवायचं सोडून तुम्ही हसायचात. कौलांच्या फटीतून उजेड येतोय, त्यात खडूची धूळ तरंगतेय, आणि तुम्ही म्हणताय, "शिकू दे हिला पुढचं." वर्ष संपायच्या आत चौथी मला तोंडपाठ. घरी जाऊन फुशारकी मारली. बाबा म्हणाले, सगळं येतंय तर चौथीत बसून काय करणार, धाकट्या बहिणीला सांभाळ. खलास.

आता मी तिकडे दुबईजवळ, अजमानला असते. दुपारचं ऊन इतकं पांढरं की समोरची बिल्डिंग विरघळल्यासारखी दिसते. एसीच्या घरघरीत डोळा लागतो आणि मी परत त्या खोलीत असते. परवा अशीच पडले होते, तर मुलीने एक फॉर्म पुढे केला. ती अकरावीत आहे. कॉलेजचे दोन विषय आत्ता शाळेतच शिकवणार, पास झाली की कॉलेजात ते धरणार, तिथे परत शिकायला नकोत. उद्या शेवटचा दिवस, घरच्यांची सही हवी. तिचे पप्पा लांब खोर फक्कानला बांधकामाच्या साइटवर, म्हणजे सही माझीच. मी म्हटलं, काही गरज नाही, पुढचं पुढे बघ. ती रडकुंडीला आली. कारण विचारून विचारून तिने डोकं खाल्लं, तेव्हा मी बोलले, "सगळं आधीच यायला लागलं तर शाळेतून काढतात."

"मम्मी, हू डज दॅट?" ती हसली. मग माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "तुला काढलं होतं?"

"यल्ला, चल, पेन आण," मी म्हटलं आणि केली सही, वाकडीतिकडी. ती फॉर्म घेऊन अशी पळाली, जशी काही मी तो परत काढूनच घेणार होते.

मी पडून राहिले, पण झोप येईना. त्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडल्यावर तुम्ही मला न्यायला घरी आला होतात. बाबांनी सांगितलं, ती मामाकडे गेलीय. बाई, मी माळ्यावर होते. तुम्ही ओट्यावर बराच वेळ थांबलात, पाणी मागून प्यायलात, ते सगळं ऐकू येत होतं. नुसती खोकले असते तरी तुम्हाला कळलं असतं. पण सकाळी उठून शाळेत पळायला नको, हे मला तेव्हा आवडायला लागलं होतं. हे तुम्ही हयात असताना सांगायची हिंमत झाली नाही. आताही सांगतेय, ते तुम्ही वाचणार नाही म्हणून.