बॅकगॅमनमधली बरोबरी

सोमवार, ४
काल बायकोने सांगून टाकलं: चालू असलेला बॅकगॅमनचा डाव संपला की ती तिच्या ताईकडे राहायला जाणार. कायमची. काही बोलायचं असेल तर त्याआधी बोल, म्हणाली. मी म्हटलं, बघू.
आमची पद्धत जुनी आहे. संध्याकाळच्या चहानंतर दोघांनी एकेकदाच फासे टाकायचे. म्हणजे आठवडाभर तरी वेळ आहे. काळजीचं कारण नाही.
डाव असा: तिच्या पंधराही सोंगट्या पटावरच्या तिच्या घरात आल्यात. आता त्या बाहेर काढायच्या. ज्याच्या आधी संपल्या, तो जिंकला. माझी एक मार खाऊन मधल्या पट्टीवर बसलीय. ती त्या घराच्या आत शिरल्याशिवाय मला दुसरी हलवता येत नाही, आणि आतल्या सहाही जागा तिने अडवल्यात.
उद्या बोलणार.

मंगळवार, ५
बोलायची गरज नाही. डाव ड्रॉ करायचा, की झालं. कोणी हरलं नाही, तर कोणी जायचंही नाही. वीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करतोय. काटा मध्यावर आणण्यात माझा हात कोणी धरणार नाही.
वर्कशॉपमधल्या जोडीदाराला सहज विचारलं. म्हणाला, बॅकगॅमनमध्ये कसला ड्रॉ, कोणाच्या तरी आधी संपणारच. हा घरी बायकोला न सांगता चहासुद्धा घेत नाही, आणि चालला मला शिकवायला.
तिच्या चार बाहेर.

बुधवार, ६, सायं. ६.४०
तिची सहाची जागा मोकळी झाली. मी फासे टाकले. एका फाशावर सहा, म्हणजे नेमकी तीच जागा.
ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ये ना आत."
आत आलो असतो, तर डाव पुढे सरकला असता, आणि पुढे सरकणारा डाव संपतो. मी म्हटलं, फासा काठाला टेकलाय, तिरका आहे, धरायचा नाही. तिने वाकून पाहिलं. बरं, म्हणाली, आणि कप उचलले.
तिरका नव्हता. पण धोरण म्हणून बरोबर होतं.

गुरुवार, ७
नवीन निर्णय: आजपासून फासे टाकायचेच नाहीत. न खेळणारा हरत नाही. तिला तसं सांगितलं. म्हणाली, मग मी माझे टाकते.
टाकले. दोन्ही फाशांवर पाच, म्हणजे चाल दुप्पट! एकदम चार सोंगट्या बाहेर. नशीब, दुसरं काय.

शुक्रवार, ८
डब्याच्या झाकणातला नियमांचा कागद चष्मा लावून दोनदा वाचला. ड्रॉबद्दल चकार शब्द नाही. म्हणजे मनाई नाही.
तिची खोकी बांधून झालीत. टेम्पोवाल्याने वजन विचारलं होतं, म्हणून वर्कशॉपमधला काटा घरी आणून प्रत्येक खोकं तोलून दिलं. एकूण एकशे बारा किलो. घरात आमच्या दोघांचं इतकं सामान असेल, असं वाटलं नव्हतं. काटा एकदम अचूक होता. तिने आभार मानले.
काही वाटलं नाही. रविवारी स्पष्ट बोलणार.

शनिवार, ९
बोलायचा मूड नव्हता. तिच्या तीन उरल्यात.

रविवार, १०
चहा झाला. तिच्या दोन बाहेर, एक शिल्लक. तिने फासे माझ्यापुढे सरकवले. मी विचारलं, खोक्यांना दोरी पुरली का? पुरली, म्हणाली.

सोमवार, ११
आज चहा तिने केला नाही, मी केला. साखर विसरलो. ती प्यायली.
शेवटची सोंगटी काढली, डब्यात ठेवली. मी म्हटलं, तशी बरोबरीच झाली ना, मी कुठे खेळत होतो?
"ड्रॉ नसतो रे यात," ती म्हणाली. मग खाली हॉर्न वाजला. मी दोन खोकी उतरवून दिली.

मंगळवार, १२
वर्कशॉप नेहमीसारखं. चार काटे तपासले, चारही बरोबर.
संध्याकाळी पट तसाच मांडलेला होता. समोर तिचं घर पूर्ण मोकळं, कुठलाही फासा चालला असता. टाकले. पाच आणि दोन. आलो आत.
मग, ठरवलं होतं तसं, स्पष्ट बोललो. "जाऊ नकोस," म्हटलं. मोठ्याने, दोनदा.
तसं काहीच अवघड नव्हतं.