सज्ज्यातला पिंजरा

लार्नाका, सायप्रस,
९ नोव्हेंबर २०२१

लाडक्या रोदूस,

ताईचे अनेक आशीर्वाद. मेलबर्नला आता उन्हाळा लागत असेल. समुद्रावर जातेस की नाही? इकडे ऑलिव्ह उतरवणं चालू आहे. तुझ्या तोफीसभावोजींचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. फोनवर तू 'बरं आहे ना' म्हणून ठेवून देतेस, म्हणून लिहिते.

आम्ही आपल्या गावी, वारोशाला जाऊन आलो. तुर्कांनी फाटक उघडल्यापासून वर्षभर मी नाही नाही म्हणत होते, शेवटी तोफीसनेच ओढून नेलं. फाटकाशी भाड्याच्या सायकली होत्या. "सत्तेचाळीस वर्षं उशीर झालाच आहे, आता घाई कसली? चालत चल," म्हणाला.

बाबा वाढपी होते त्या हॉटेलच्या गच्चीत अंजीर उगवलंय. वाळू मात्र तशीच सोनेरी. मला तिचा रागच आला.

आपल्या गल्लीच्या तोंडाशी दोरी बांधलीय. मी खालून वाकले, तर लगेच पहारेकऱ्याची शिट्टी. "अगं, तू तुरुंगात गेलीस तर मला जेवायला कोण घालणार?" तोफीस ओरडला. मग तिथूनच पाहिलं. रोदू, मला घरी जायचं होतं गं. वीस पावलांवर होतं.

सज्ज्याच्या हुकाला तुझ्या कॅनरीचा पिंजरा अजून आहे.

आता लिहायलाच हवं. त्या ऑगस्टमध्ये तुर्की फौज आली म्हणून आपण पळालो आणि डेकेलियाच्या इंग्रजी तळावरच्या झाडांखाली तू पाखरासाठी रडलीस. बाबा हसले, "राणी, दोन दिवसांत परत जाऊ. दाणे भरपूर घातलेत." ते पाखरासाठी गेले नाहीत. मी त्यांना बाजूला घेतलं होतं. शनिवारी बायका माझ्या लग्नाची गादी शिवायला जमणार होत्या, चार कोपऱ्यांना लाल दोऱ्याचे क्रूस घालायला. खोळ, लोकर सगळं घरी राहिलेलं. "गादीशिवाय मी सासरी जायची नाही," मी म्हटलं. बाबांनी गाडीची किल्ली उचलली. परत आले नाहीत.

आई सगळ्यांना सांगायची, "धाकटीच्या पाखरापायी गेले." मी गप्प राहिले. आठ वर्षांच्या पोरीला कोण बोल लावणार, अशी मनाची समजूत घातली. तू स्वतःच लावून घेतलास. बाबांचा विषय निघाला की उठून जायचीस. मला दिसत होतं, तरी गप्पच बसले. आणि लग्न केलंच, निर्वासितांच्या तंबूत, गादीशिवाय.

तोफीसने मोबाइलवर फोटो मोठा करून दाखवला. पिंजऱ्याचं दार उघडं आहे, वर करून तारेने अडकवलेलं, बाबा साफ करताना अडकवायचे तसं. म्हणजे ते घरी पोचले होते. माझ्या गादीसाठी गेले आणि आधी सज्ज्यात गेले, तुझं पाखरू सोडायला.

फोटो सोबत आहे. मला शिव्या द्यायला का होईना, एकदा ये. दोरीपाशी दोघी उभ्या राहू.

बाबांना परत पाठवणारी,
तुझी ताई
एवांथिया